बाकावरची जागा

लग्नाच्या पंगतीत जेवायला बसलेल्या माणसाला त्या जेवणावळीविषयी फारसे काही कळत नाही, असे माझे फार जुने मत आहे. त्याला आपले पान दिसते, शेजाऱ्याचे थोडेसे दिसते आणि जिलबीचे ताट किती दूर आहे, एवढे दिसते. पंगतीची खरी हकीकत विचारावयाची ती वाढप्याला. कोणत्या आजोबांना दात नसल्यामुळे नुसता मऊ भात हवा आहे, कोणत्या काकूंनी ‘नको, नको’ म्हणताना हात पानापासून चांगला वीतभर वर धरला होता, मुलीच्या बापाने आज सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलेले नाही, हे सारे त्याला ठाऊक असते. आणि मौज अशी की, ज्याला पंगतीचे एवढे ज्ञान असते, त्याच्या स्वतःच्या पोटात मात्र तोवर अन्नाचा कण गेलेला नसतो!

हा वाढपी मला अलीकडे वरचेवर आठवतो, तो एका अमेरिकन गृहस्थामुळे. त्यांचे नाव स्टीव्ह कर. धंद्याने आधी बास्केटबॉलपटू, नंतर बास्केटबॉलचे प्रशिक्षक. आपल्याकडे कोणत्याही ‘कर’च्या आधी एखादे गाव असते, नगरकर, सातारकर, पंढरपूरकर. या गृहस्थाच्या नावातले गाव तेवढे कुठेतरी गळून पडले आहे. त्याची जन्मकथा वाचल्यावर मला वाटले, ते गळून पडले हे एका परीने खरेच आहे. पण ते पुढे सांगेन.

आमची ओळख झाली ती २०२० साली, साऱ्या जगाने दारे लावून घेतली होती तेव्हा. मायकेल जॉर्डन आणि त्याचा शिकागोचा संघ यांच्यावरचा दहा भागांचा एक माहितीपट त्या दिवसांत आला होता, ‘द लास्ट डान्स’ नावाचा. माझी नात तेव्हा अकरा वर्षांची. ती आणि मी रोज रात्री जेवणे झाल्यावर एकेक भाग पाहात असू. ती पडद्यावर जॉर्डनला शोधत असे. त्यात नवल नाही. तो उडी मारी तेव्हा जमिनीला आपली काही गरज उरली आहे की नाही, असा प्रश्न पडे. माझी नजर मात्र पुन्हा पुन्हा बाकाकडे जाई. तिथे सोनेरी केसांचा, त्या मंडळींत अगदीच पोरसवदा दिसणारा एक खेळाडू गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला असे. हाच तो कर.

माझी नजर बाकाकडे का जाई, हेही सांगून टाकते. १९७१ ते १९७४ अशी तीन वर्षे मी नागपुरात कॉलेजच्या मुलींच्या संघात होते. ‘संघात होते’ हे अगदी खरे आहे. ‘खेळत होते’ असे म्हणायला मात्र जीभ थोडी अडखळते. बास्केटबॉलमध्ये मैदानात पाचच जणी असतात आणि उरलेल्या बाकावर. क्रिकेटच्या बाराव्या गड्याला निदान पाणी घेऊन मैदानात जाता येते. आम्हाला तेही नाही. शिवाय या खेळात बाकावरची मुलगी कितीही वेळा आत येऊ शकते आणि बाहेर जाऊ शकते. त्यामुळे दर घटकेला मनात आशा उभी राहते आणि दर घटकेला ती पुन्हा बाकावर बसते.

माझे अक्षर चांगले होते, म्हणून सरांनी गुणांची वही माझ्याकडे दिली. मध्यंतरासाठी संत्री सोलून ठेवण्याचे कामही माझ्याकडेच होते, आणि नागपूरची संत्री असल्यामुळे त्या कामाला थोडी प्रतिष्ठाही होती. तीन वर्षांत मी सगळी मिळून बावीस मिनिटे खेळले. हा आकडा अगदी बिनचूक आहे, कारण वही माझ्याच हातात होती.

आता करची वही पाहा. एन.बी.ए. म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या सर्वांत मोठ्या साखळीत तो पंधरा हंगाम खेळला. सामने झाले ९१०. त्यांपैकी सुरुवातीच्या पाच जणांत त्याचे नाव किती वेळा होते? तीस वेळा! म्हणजे उरलेल्या ८८० सामन्यांत शिट्टी वाजली तेव्हा हा गृहस्थ बाकावर होता. हे वाचले तेव्हा मला आपले कोणी दूरचे नातलग सापडल्यासारखे झाले. अर्थात नाते बाकापुरतेच. कारण याच माणसाने लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, चेंडू टोपलीत टाकण्याचे जे प्रमाण राखले, शंभरांत पंचेचाळिसाहून थोडे अधिक, ते संपूर्ण कारकिर्दीच्या हिशेबात त्या साखळीतले सर्वांत वरचे ठरले. बाकावरून उठावे, दोन-तीन वेळा चेंडू हाती यावा, तो नेमका टोपलीत जावा आणि पुन्हा येऊन बसावे, असा त्याचा धंदा होता.

आणि आता ते गळून पडलेले गाव. स्टीव्ह करचा जन्म २७ सप्टेंबर १९६५ रोजी बैरुतमध्ये झाला. पहिल्या महायुद्धानंतर त्याचे आजोबा आणि आजी देशोधडीला लागलेल्या आर्मेनियन लोकांच्या मदतकार्यासाठी त्या भागात गेले आणि पुढे लेबनॉनमध्येच राहिले. वडील माल्कम कर यांचाही जन्म बैरुतचाच. अरब जगाच्या राजकारणाचे ते नावाजलेले अभ्यासक. पोराचे बालपण कॅलिफोर्निया, कैरो, बैरुत असे घरे बदलण्यात गेले. १९८२ साली, लेबनॉन युद्धात होरपळत असताना, माल्कम कर बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १८ जानेवारी १९८४ रोजी त्यांच्या कार्यालयाबाहेर दोन बंदूकधाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या.

स्टीव्ह तेव्हा अठरा वर्षांचा होता. आरिझोना विद्यापीठात पहिल्या वर्षाला, वसतिगृहात. चपळ नाही, उंच म्हणावा तर या खेळाच्या मानाने नाही; त्याला संघात घ्यायला फारसे कोणी उत्सुक नव्हते, आरिझोनाने घेतले ते जवळजवळ शेवटच्या घटकेला. मध्यरात्री त्याला फोन आला. दोन दिवसांनी सामना होता. सामन्यापूर्वी सारे प्रेक्षक स्तब्ध उभे राहिले, तेव्हा तो रडत होता. मग तो बाकावर जाऊन बसला. पुढे त्याला आत बोलावले गेले, आणि त्याचा पहिलाच नेम अचूक लागला.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. अठरा वर्षांचे पोर, बाप गेलेला, आणि हातात चेंडू. लोक म्हणतील, काय हा धीर! मला तसे वाटत नाही. मला वाटते, त्या दोन दिवसांत त्याला जगात कळण्यासारखी एकच गोष्ट उरली असेल. टोपली किती उंच आहे ती. दुःखात बायका भांडी घासतात, पुरुष अंगण झाडतात, तसे त्याने ते केले असेल.

पुढचेही सरळ नव्हते. १९८६ साली स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत त्याचा गुडघा मोडला, पुरा एक हंगाम बुडाला. १९८८ साली एका परक्या मैदानावर प्रेक्षकांतल्या काही पोरांनी त्याच्या बापाच्या मरणावरून त्याला ओरडून डिवचले. त्याने पहिल्या अर्ध्यात लांबून सहा टोपल्या टाकल्या. आणि त्याच वर्षी, देशातल्या शेवटच्या चार संघांत पोचल्यावर, महत्त्वाच्या सामन्यात त्याच्या तेरा नेमांपैकी अवघे दोन लागले आणि आरिझोना हरले. व्यावसायिक संघांनी त्या वर्षी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याचा नंबर पन्नासावा. फिनिक्स, क्लीव्हलँड, ऑर्लँडो असे तीन संघ फिरून तो १९९३ साली शिकागोला पोचला.

शिकागोला जॉर्डन होता. जॉर्डनच्या हाताखाली सराव करणे म्हणजे रागीट सासूच्या देखरेखीखाली पहिला स्वयंपाक करण्यासारखे असावे. १९९५ सालच्या सरावात तो करला टोचून बोलत राहिला. कर उलटला, आणि जॉर्डनने त्याच्या डोळ्यावर ठोसा मारला. प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी जॉर्डनला सरावातून घालवून दिले. त्यानंतर जॉर्डनने फोन करून क्षमा मागितली, आणि त्या दिवसापासून दोघांचे जमले. जॉर्डनचेही वडील १९९३ साली खुनाला बळी पडले होते. एकाच संघात खेळणाऱ्या, एकच दुःख पोटात बाळगणाऱ्या या दोन माणसांनी त्याविषयी एकमेकांशी कधी एक शब्द काढला नाही, असे कर त्या माहितीपटात सांगतो. मी ते ऐकले आणि नातीकडे पाहिले. ती म्हणाली, “आजी, पण का नाही बोलले?” मी म्हटले, “अगं, चेंडू देत होते ना एकमेकांना.”

तो चेंडू १३ जून १९९७ रोजी आला. अंतिम मालिकेचा सहावा सामना, समोर युटाचा संघ, गुण ८६–८६, शेवटची काही सेकंदे. चेंडू जॉर्डनकडे जाणार हे साऱ्या जगाला ठाऊक होते. म्हणून त्याच्यावर दोघे जण धावून येणार, हे जॉर्डनला ठाऊक होते. मधल्या विश्रांतीत तो करला म्हणाला, तयार राहा. कर म्हणाला, तयार आहे. झाले तसेच. दोघे जॉर्डनवर गेले, चेंडू करकडे आला, आणि पाच सेकंद उरली असताना तो टोपलीत पडला. शिकागो ९०–८६ ने जिंकले. विजयाच्या सभेत या गृहस्थाने गंभीर चेहऱ्याने भाषण केले, की जॉर्डनला असल्या कठीण प्रसंगी नेम धरायला संकोच वाटतो, म्हणून मलाच त्याच्या मदतीला जावे लागले! जॉर्डन पोट धरून हसला.

असाच आणखी एक प्रसंग २००३ सालचा. कर तेव्हा सॅन अँटोनिओच्या संघात, वय सदतीस. हंगामाच्या शेवटच्या फेऱ्यांत त्याला जवळजवळ मैदान दिसलेच नव्हते. डॅलसविरुद्ध सहाव्या सामन्यात संघ मागे पडला, नेहमीच्या खेळाडूची प्रकृती बरी नव्हती, आणि प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी बाकाच्या टोकाकडे पाहिले. त्याने दुसऱ्या अर्ध्यात लांबून चार टोपल्या टाकल्या. सामना जिंकला, पुढे विजेतेपदही मिळाले. त्याचे ते पाचवे: तीन शिकागोबरोबर, दोन सॅन अँटोनिओबरोबर. त्यानंतर त्याने खेळ थांबवला.

इथवरची गोष्ट वाचून कोणीही म्हणेल, धीर धरी रे, फळ मिळेल. लहान मुलांना सांगायला ठीक. पण माझी नात आता लहान नाही.

यंदा श्रावणात ती राज्य स्पर्धेला गेली होती. सोळा वर्षांची झाली आहे, अकरावीत आहे, रोज पहाटे साडेपाचला सरावाला जाते. चार दिवसांनी रात्री परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई मशीन लावताना म्हणाली, “ती जर्सी टाक गं धुवायला.” आतून आवाज आला, “नको, धुवायला नाही झालीये.” मी खोलीत गेले. पिशवीत जर्सी होती, सूनबाईने जाताना घातलेली इस्त्रीची घडी जशीच्या तशी. वरून पूर्ण वेळ सरावाचा ढगळ शर्ट घालून ती बाकावर बसली होती. चार सामने.

संध्याकाळी जेवताना तिने सांगितले, मी सोडणार आहे. तिचे बाबा म्हणाले, “बरंच झालं, पुढचं वर्ष बारावीचं.” सूनबाई काही बोलली नाही, तिने फक्त आमटी वाढली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात बाकावरच्या विषयातली तज्ज्ञ मीच ना!

मी तेव्हा काही बोलले नाही. करचे सांगण्यासारखे होते ते तिला माहीतच होते. त्या माहितीपटाची तिची पारायणे झाली होती. दोन दिवसांनी, मी तुळशीला पाणी घालत असताना, तीच गॅलरीत येऊन म्हणाली, “आजी, करला शॉट मिळाला. तुला कुठे मिळाला?”

प्रश्न असा सरळ आला की तो चुकवणे शक्य नव्हते. “नाही मिळाला,” मी म्हटले. “बावीस मिनिटांत नऊ वेळा नेम धरला, तीनदा लागला. एकदाही सामना माझ्यामुळे जिंकला नाही.”

“राग नाही यायचा?”

“यायचा. संत्री सोलताना फार यायचा.”

ती हसली. पण प्रश्न तिथेच राहिला, आणि तो माझाही होता. बाकावर बसलेल्या सगळ्यांना १३ जून येत नाही. हजारांत एखाद्याला येतो. मग उरलेल्यांनी काय करावे? की त्यांचे बसणे नुसतेच बसणे?

याचे उत्तर मला करच्या पूर्वार्धात सापडले नाही, उत्तरार्धात सापडले. खेळ थांबवल्यावर त्याने दूरदर्शनवर सामन्यांचे धावते वर्णन केले, तीन वर्षे फिनिक्सच्या संघाचा कारभार पाहिला, आणि २०१४ साली गोल्डन स्टेट वॉरियर्स या कॅलिफोर्नियातल्या संघाचा प्रशिक्षक झाला. त्यापूर्वी त्याने एकाही संघाला प्रशिक्षण दिलेले नव्हते. पहिल्याच हंगामात संघाने ६७ सामने जिंकले, १५ हरले, आणि चाळीस वर्षांनी विजेतेपद मिळवले.

हे कसे झाले? थोर खेळाडू तो थोर गुरू, हा हिशेब फारसा जमत नाही, हे बास्केटबॉलच्या इतिहासात वारंवार दिसते. मॅजिक जॉन्सनसारखा जादूगार १९९४ साली आपल्याच जुन्या संघाचा प्रशिक्षक झाला. सोळा सामन्यांत पाच विजय, अकरा पराभव, आणि तो त्या वाटेला पुन्हा गेला नाही. बिल रसेल १९६६ साली खेळता खेळताच बोस्टनचा प्रशिक्षक झाला, त्या साखळीतला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. १९६८ आणि १९६९ अशी दोन विजेतेपदे त्याने त्या दुहेरी भूमिकेत मिळवली. पण स्वतः खेळणे थांबवल्यावर सिअ‍ॅटल आणि सॅक्रामेंटो येथे त्याला तसे यश आले नाही. उलट फिल जॅक्सन हा न्यूयॉर्कच्या संघातला राखीव खेळाडू, आणि प्रशिक्षक म्हणून त्याची विजेतेपदे अकरा! अपवाद आहेतच. लेनी विल्किन्स खेळाडू म्हणूनही थोर आणि प्रशिक्षक म्हणूनही. खेळाच्या सन्मानदालनात तो दोन्ही नात्यांनी गेला, १९८९ साली आणि १९९८ साली. म्हणून मी नियम सांगत नाही, एक कारण तेवढे सांगते.

माझ्या सासूबाईंच्या हाताला विलक्षण चव होती. त्यांना विचारावे, “आई, मीठ किती?” की त्या म्हणत, “अंदाजाने!” तो अंदाज त्यांच्या बोटांत होता, तोंडात येत नसे. ज्याचे हात आपोआप करतात, त्याला ते कसे केले हे सांगता येत नाही. जिला प्रत्येक वेळी चमचा मोजून घ्यावा लागला, तिला सांगता येते. बाकावरच्या माणसाचे तसेच आहे. त्याला शरीराने काही फुकट दिलेले नसते, म्हणून तो पाहतो. आणि पाहण्यासाठी बाकाइतकी चांगली जागा दुसरी नाही: मैदानाला लागून, पण मैदानाबाहेर.

करने संघ हाती घेतला तेव्हा त्याला दिसले की, हा संघ चेंडू एकमेकांना देण्यात साऱ्या साखळीत शेवटचा आहे. त्याने सांगितले, सामन्यात तीनशे वेळा चेंडू दिला गेला पाहिजे. स्टीफन करीसारखा अलौकिक नेमबाज हाताशी असताना त्याने हे सांगितले! सगळ्यांच्या हाताला चेंडू लागला पाहिजे. हे बाकावर बसलेल्याखेरीज कोणाला सुचेल? पंगतीत सर्वांच्या पानात तूप पडले की नाही, हे पाहणारा तो वाढपीच.

आणि याच माणसाला पहिल्याच वर्षी एका मानी खेळाडूला बाकावर बसवावे लागले. आंद्रे इग्वाडाला साडेसातशेहून अधिक सामने खेळला होता आणि त्यांतल्या प्रत्येकात सुरुवातीपासून मैदानात होता. करने त्याला राखीवांत घेतले. ते सोपे गेले नाही. पण इग्वाडालाने मानले. पुढे २०१५ च्या अंतिम मालिकेत संघ एक विरुद्ध दोन असा मागे पडला. तेव्हा निक यूरेन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या साहाय्यकाने जुन्या सामन्यांच्या चित्रफिती रात्री पाहून सुचवले, की इग्वाडालाला सुरुवातीपासून खेळवावे. करने ऐकले. पुढचे तिन्ही सामने जिंकले, आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वाडाला. आणि ही युक्ती यूरेनची, हे करने वार्ताहरांना नाव घेऊन सांगितले. माझ्या दृष्टीने त्या विजेतेपदाहून ही गोष्ट मोठी आहे.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली. पुढच्या हंगामाचे पहिले ४३ सामने संघ त्याच्यावाचून, ल्यूक वॉल्टन या साहाय्यकाच्या हाताखाली खेळला आणि त्यांतले ३९ जिंकला. आता प्रशिक्षकच बाकावरून उठून घरी निजला होता! त्या हंगामात संघाने ७३ विजयांचा विक्रम केला, पण अंतिम मालिकेत तीन विरुद्ध एक अशी आघाडी असताना क्लीव्हलँडकडून हरला. वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक मात्र तोच ठरला. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी, संघ मरगळलेला पाहून, त्याने आखणीची पाटी खेळाडूंच्याच हातात दिली आणि एका सामन्यापुरते त्यांनाच डाव आखू दिले. संघ ४६ गुणांनी जिंकला. २०१७, २०१८ आणि २०२२ अशी आणखी तीन विजेतेपदे आली. मधल्या एका हंगामात १५ विजय आणि ५० पराभव असेही दिवस आले. आणि २४ मे २०२२ रोजी, टेक्ससमधल्या एका शाळेत १९ मुले व दोन शिक्षिका गोळीबारात बळी पडल्या त्या दिवशी, त्याने सामन्यापूर्वी वार्ताहरांसमोर खेळाविषयी बोलायचेच नाकारले. टेबलावर हात आपटून बंदुकांविषयी तो बोलला. अठरा वर्षांचे ते पोर त्या दिवशी पुन्हा दिसले. फक्त या वेळी त्याच्या हातात चेंडू नव्हता.

पण नातीला मी यांतले काही सांगितले नाही. तिला मी २०२४ ची गोष्ट सांगितली. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कर अमेरिकेच्या संघाचा प्रशिक्षक होता. बोस्टनचा जेसन टेटम, नुकताच विजेतेपद मिळवून आलेला, जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक. त्याला सर्बियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत एक मिनिटही खेळायला मिळाले नाही. लोकांनी करवर टीका केली. तो म्हणाला की, टेटमला न खेळवताना मला स्वतःलाच मूर्खासारखे वाटते. पण चाळीस मिनिटांच्या सामन्यात सगळ्यांना खेळवता येत नाही. अंतिम सामन्यात टेटम खेळला, आणि अमेरिकेने फ्रान्सला ९८–८७ असे हरवून सुवर्णपदक मिळवले.

“बघ,” मी म्हटले, “आठशे ऐंशी वेळा बाकावर बसलेल्या माणसालाही शेवटी कोणाला तरी बाकावर बसवावेच लागते. पाचच जागा आहेत. पण बसवताना त्याला दुखते. तुमच्या सरांना दुखते का, ते मला ठाऊक नाही. तुला मात्र आता कळले आहे की बाकावर काय होते. ते विसरू नकोस, म्हणजे झाले.”

मला स्वतःला त्या बावीस मिनिटांचे काय मिळाले, याचा हिशेब मी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवताना केला. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुली असतात. त्यांना उत्तर येत असते, पण हात वर व्हायचा तो खांद्यापर्यंतच होतो आणि परत खाली जातो. पुढच्या बाकांवरच्यांना ते दिसत नाही. मला दिसे. मी दिसतील त्या मुलींना आधी विचारी. त्यांतल्या कोणी जगज्जेत्या झाल्या नाहीत. पण त्यांना एकदा चेंडू मिळाला.

तिने विचारले, “मग मी सोडू की नको?”

मी म्हटले, “खेळाचा कंटाळा आला असेल तर आज सोड. बाकाचा कंटाळा आला असेल तर थोडी थांब. दोन्ही कंटाळे सारखेच दिसतात, पण वेगळे असतात.”

तिने अजून ठरवलेले नाही. पहाटे साडेपाचला दार लावल्याचा आवाज मात्र रोज येतो. भाऊबीज झाल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे आणि चिवडा-चकल्यांचा एक डबा त्या बाराही मुलींसाठी आतापासून बाजूला काढून ठेवला आहे. मला यायला सांगितले आहे. गुडघे कुरकुरतात, पण जाणार आहे. सगळे प्रेक्षक चेंडूकडे पाहतील. मी बाकाच्या समोरची जागा धरणार आहे. कोणत्या मुलीची नजर मैदानावर आहे आणि कोणती आपल्या बुटांकडे पाहते आहे, हे तिथून चांगले दिसते.